मॉरोविंड परत खेळायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

द एल्डर स्क्रोल्स मालिकेतला तिसरा गेम, मॉरोविंड, बेथेस्डाने मे २००२ मध्ये काढला. माझा सगळ्यात आवडता गेम हाच, आणि ओळखीच्यांपैकी कोणी ना कोणी दर थोड्या दिवसांनी विचारतं की कॉलेजात अर्धवट सोडला होता आता परत बसू का, किंवा स्कायरिम (याच मालिकेतला पाचवा गेम) झाला आता मागे जाऊ का. प्रश्न बहुतेक तेच असतात म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतेय. स्पॉयलर जिथे आहेत तिथे आधी सांगितलंय.

एवढा जुना गेम आता कशाला? ओब्लिव्हियनचा, म्हणजे चौथ्या गेमचा, रीमास्टर आलाय की.

रीमास्टर एप्रिल २०२५ मध्ये आला, दिसतो छान, तोही जरूर खेळा. पण ओब्लिव्हियनमध्ये जग तुमच्या लेव्हलसोबत वाढत जातं, शत्रू पण आणि पेटीतला माल पण. मॉरोविंडमध्ये कितीतरी महत्त्वाच्या वस्तू बनवणाऱ्यांनी एकेका ठरावीक जागी ठेवल्यात आणि त्या तिथेच असतात, तुम्ही लेव्हल १ असा नाहीतर ४०. सेडा नीन या सुरुवातीच्या गावापासून जवळच सामारिस घराण्याचं थडगं आहे, त्यात मेंटर्स रिंग आहे, घातलेली असेपर्यंत इंटेलिजन्स आणि विलपॉवर दोन्ही १० ने वाढवते. सुरानच्या वरच्या डोंगरात उंब्रा नावाचा एक ऑर्क उभा असतो, जगण्याला कंटाळलेला, लढता लढता मरण यावं एवढंच मागणं असलेला, आणि त्याच्या हातात अख्ख्या गेममधल्या उत्तम तलवारींपैकी एक. त्याच्याशी कधी भिडायचं ते तुम्ही ठरवा, गेम अडवत नाही.

म्हणजे दुसऱ्यांदा येताना कॅरेक्टरच्या खिशात दमडी नसते पण तुमच्या स्वतःच्या डोक्यात व्हार्डनफेलचा, म्हणजे गेम जिथे घडतो त्या बेटाचा, नकाशा असतो, कोण कुठे राहतं, कोण खोटं बोलतं, कुठल्या गुहेत काय आहे. या गेममधलं सगळ्यात भारी स्किल हेच आहे आणि ते स्टॅट्सच्या पानावर कुठेच दिसत नाही. म्हणून हा गेम परत खेळण्यात जेवढी मजा आहे तेवढी मला दुसऱ्या कुठल्याच गेममध्ये येत नाही.

तलवार उंदराला लागतेय असं डोळ्यांना दिसतंय तरी मिस कसं होतं?

नव्वद टक्के लोक इथेच सोडतात, त्यामुळे जरा सविस्तर सांगते. स्क्रीनवर तलवार अंगाला लागली याला इथे काही अर्थ नाही, आत फासे पडतात. हिशोब असा: हत्याराचं स्किल, अधिक ॲजिलिटीचा पाचवा हिस्सा, अधिक लकचा दहावा हिस्सा, आणि या बेरजेला फटीगप्रमाणे (अंगात दम किती उरलाय ते दाखवणारी हिरवी पट्टी) ०.७५ ते १.२५ च्या मधल्या आकड्याने गुणायचं. त्यातून मग शत्रूची वार चुकवायची ताकद वजा.

समजा स्किल ३०, ॲजिलिटी ४०, लक ४०. बेरीज ४२. हिरवी पट्टी पूर्ण भरलेली असेल तर साडेबावन्न टक्के, पट्टी रिकामी असेल तर साडेएकतीस. आता तोच माणूस ज्या हत्याराचं स्किल ५ आहे ते उचलून गावाबाहेर पळत पळत दमून उंदरावर तुटून पडला तर तेरा टक्क्यांच्या पण आत येतो, आणि मग तो म्हणतो गेम बकवास आहे. धावल्याने, उड्या मारल्याने फटीग उतरतो. म्हणून सुरुवातीला एकच हत्यार धरा, ते मेजर स्किलमध्ये असू दे, आणि भांडणाआधी चालत जा. एवढं पाळलं तर तासाभरात गाडी रुळावर येते. मंत्रांचंही तसंच, दमलेल्या अवस्थेत मंत्र फसतात. आणि मॅजिका आपोआप भरत नाही, झोप काढावी लागते नाहीतर पोशन प्यावं लागतं.

अजून एक, एन्ड्युरन्स लवकर वाढवा. दर लेव्हलला हेल्थ एन्ड्युरन्सच्या दहाव्या हिश्शाने वाढते आणि नंतर एन्ड्युरन्स वाढवला तर मागच्या लेव्हलची भरपाई मिळत नाही.

नकाशावर बाण नाही, मार्कर नाही, शोधायचं कसं?

वाचून आणि विचारून. आणि हेच तर या गेमचं काळीज आहे माझ्या मते.

मेन क्वेस्टचं पहिलंच काम घ्या. बालमोरा गावात सम्राटाच्या हेरांचा प्रमुख कायस कोसाडेस तुम्हाला फायटर्स गिल्डमधल्या हास्फात अँटाबोलिसकडे पाठवतो, त्याला आर्कंगथांड नावाच्या ड्वेमर (लोप पावलेली एक प्राचीन जमात) अवशेषातून एक पझल बॉक्स हवा असतो. रस्ता तो तोंडी सांगतो: गावाच्या दक्षिणेकडून बाहेर पडा, पूल ओलांडा, फोर्ट मूनमॉथवरून पूर्वेला जा, मग फोयाडा मामाया ही लाव्ह्याने कोरलेली खोल घळ लागेल, तिच्यावरचा जुना ड्वेमर पूल ओलांडून वर चढा. वर पोचलात की दार बंद. दाराला हँडल नाही, कुलूप नाही. बाजूला पाइपवर एक क्रँक आहे, तो फिरवला की ते मोठं गोल दार घरघरत उघडतं. आत डाकू, आणि बॉक्स म्हणजे हॉलो हँड नावाच्या भागात एका शेल्फवर ठेवलेला तळहाताएवढा चौकोनी ठोकळा, बाकीच्या भांड्याकुंड्यांमध्ये सहज नजरेतून सुटेल असा. किती जण तिथे गोल गोल फिरलेत!

पण त्या रस्त्याने एकदा गेलात की तो तुमचा झाला. बाणाच्या मागे धावून गेलेल्या जागा मला दुसऱ्या दिवशी आठवत नाहीत, आणि बालमोरा ते आर्कंगथांड मी आत्ता डोळे मिटून सांगू शकते.

अधूनमधून सांगितलेली दिशा थोडी गोलमाल निघते हे खरं आहे. तेव्हा रस्त्यावरच्या पाट्या वाचा, आणि गेमसोबत जो कागदी नकाशा यायचा तो इमेज म्हणून उघडून बाजूला ठेवा.

चालून चालून कंटाळा येतो. फास्ट ट्रॅव्हल खरंच नाही का?

आहे, पण तिकीट काढून. सिल्ट स्ट्रायडर म्हणजे तो उंच पायांचा अवाढव्य किडा, सेडा नीनहून तो बालमोरा, व्हिवेक, सुरान, निसिसला जातो. किनाऱ्याच्या गावांना होड्या. मेजेस गिल्डच्या पाच शाखा, बालमोरा, आल्डरून, काल्डेरा, व्हिवेक आणि सदरिथ मोरा, यांच्यात पैसे देऊन क्षणात उडी. आल्मसिव्ही इंटरव्हेन्शन हा मंत्र जवळच्या टेंपलमध्ये (बेटावरच्या मुख्य धर्माच्या देवळात) टाकतो, डिव्हाइन इंटरव्हेन्शन जवळच्या इंपीरियल देवळात, आणि मार्क-रिकॉल (एका मंत्राने जागेवर खूण करायची, दुसऱ्याने तिथे परत यायचं) ही जोडी तर सोन्याची. हे सगळं जोडून प्रवास आखता यायला लागला की एसटीचं टाइमटेबल तोंडपाठ असलेल्या माणसासारखं वाटतं, कुठून कुठे कसं पटकन पोचायचं ते हातात बसतं.

आणि बूट्स ऑफ ब्लाइंडिंग स्पीड. काल्डेराजवळच्या रस्त्यावर पेमेनी नावाची बाई भेटते, तिला नार मोकला सोबत हवी असते. बूट घातले की स्पीड २०० ने वाढतो आणि डोळ्यांपुढे अंधार. पण घालायच्या क्षणी रेझिस्ट मॅजिका शंभर टक्के असेल तर अंधार येतच नाही. ब्रेटन जमातीकडे जन्मतःच ५० टक्के असतं, म्हणजे उरलेल्या ५० चा एका सेकंदाचा मंत्र पुरतो. आर्गोनियन (सरड्यासारखी) आणि खाजिट (मांजरासारखी) मंडळींना बूट घालताच येत नाहीत, त्यांना हा मार्ग बंद.

गोष्ट आठवत नाही. परत सगळं वाचायचं का?

हो, आणि या वेळी कोण सांगतंय तिकडे लक्ष ठेवून वाचा.

सेडा नीनपासूनच हे सुरू होतं. गावाबाहेर दलदलीत टॅक्स कलेक्टरचं प्रेत सापडतं, प्रोसेसस व्हिटेलियस. सोबत पैसे तसेच. मारणारा फोरिन गिलनिथ तिथेच एका खोपट्यात राहतो, त्याला विचारलं तर म्हणतो हा माणूस लोकांना लुबाडून स्वतः ऐषारामात राहत होता. दीपगृहातली थावेरे व्हेद्रानो त्याच माणसावर प्रेम करत असते, तिच्या तोंडून तो माणूस वेगळाच ऐकू येतो. खरं कोण बोलतंय ते गेम सांगत नाही. पहिल्यांदा खेळताना आपण बक्षीस घेऊन पुढे जातो, दुसऱ्यांदा थांबतो.

(इथून पुढे स्पॉयलर.) अख्खी मेन क्वेस्ट याच प्रश्नाची मोठी आवृत्ती आहे. रेड माउंटनच्या लढाईत नेरेव्हार हा प्राचीन वीर कसा मेला? टेंपल एक सांगतं, ॲशलँडर या भटक्या टोळ्या सांगतात की ज्यांना तुम्ही देव म्हणता त्या तिघांनी, आल्मालेक्सिया, सोथा सिल आणि व्हिवेक (शहराला नाव याचंच) यांनीच त्याला मारलं, बंडखोर पुजाऱ्यांची कागदपत्रं तिसरंच दाखवतात, आणि शेवटी खुद्द व्हिवेकसमोर उभं राहून विचारलं तर तोही स्वतःची बाजू मांडतो. खलनायक डॅगॉथ उर तर तुम्हाला जुना मित्र म्हणून हाक मारतो. तुम्ही खरंच नेरेव्हारचा पुनर्जन्म आहात का, का सम्राटाने सोयीचा माणूस निवडून बोटीतून पाठवलाय, याचंही पक्कं उत्तर मिळत नाही. लीड डिझायनर केन रोल्स्टन आणि लेखनातला मायकल कर्कब्राइड यांच्या कामामुळे हा धर्म, हे वाद, ही राजकारणं एवढी खोल झालीत. मला वाटतं ही गोष्ट मोठेपणी जास्त कळते. शाळकरी वयात आपल्याला फक्त जिंकायचं असतं.

एकदा पूर्ण केलाय. या वेळी कोण होऊन खेळू?

मागच्या वेळी जे घराणं घेतलं ते सोडून दुसरं घ्या, हा माझा पहिला सल्ला. ह्लालू, रेडोरान आणि टेलव्हानी तिघांत एकाच वेळी एकच जमतं आणि तिन्हीकडचं आयुष्य अगदी वेगळं आहे. रेडोरानचे मानकरी आल्डरूनमध्ये एका प्रचंड मेलेल्या खेकड्याच्या कवचाखाली राहतात, स्कार म्हणतात त्याला, आत जाऊन वर बघा एकदा. टेलव्हानी जादूगार मशरूममधून वाढवलेल्या मनोऱ्यांत राहतात आणि वर जायला जिनाच नसतो, लेव्हिटेशन येत नसेल तर तुमची भेट घ्यायची त्यांना गरज वाटत नाही. मोराग टाँग पण आहे, कायदेशीर मारेकऱ्यांची संस्था, मारायचं लेखी फर्मान दाखवलं की पहारेकरी सोडून देतो.

पण माझी खरी शिफारस आर्गोनियन किंवा खाजिट. बेटावर गुलामगिरी चालते आणि गुलाम बहुतेक याच दोन जमातींचे. सेडा नीनजवळच्या आडामासार्टस गुहेत डाकूंना मारून किल्ली मिळवली की आत डांबलेल्यांचे ब्रेसर (गुलामांच्या मनगटातल्या बेड्या) उघडता येतात. ते काम आर्गोनियन होऊन करताना जे वाटतं ते डार्क एल्फ होऊन नाही वाटत. पुढे ट्विन लॅम्प्स नावाचे गुपचूप गुलाम सोडवणारे लोक भेटतात, त्यांच्यापर्यंत पोचायचा प्रयत्न करा. सुरानचा गुलामांचा बाजार बघून झाल्यावर तर कराच.

क्रीपर, अल्केमी वगैरे युक्त्या वापरू की नको?

काल्डेरातल्या घोराक मॅनरमधला क्रीपर नावाचा व्यापारी प्राणी ५,००० सोन्यापर्यंत माल घेतो, आणि पूर्ण किमतीला. बोलणारा खेकडा व्यापारी १०,००० वाला. ॲश याम, ब्लोट आणि नेच लेदर यातलं कुठलंही दोन घेऊन इंटेलिजन्सचं पोशन बनवा, प्या, वाढलेल्या इंटेलिजन्सने अजून कडक पोशन बनवा, परत प्या, आकडे आभाळाला भिडतात.

क्रीपर आणि खेकडा वापरा, महागडा माल विकायला दुसरी धड सोय नाहीये. अल्केमीचं चक्र मात्र निदान मेन क्वेस्ट होईपर्यंत नको, कारण या गेममध्ये दुबळेपणातून हळूहळू वर येण्याची जी चव आहे ती एकदा गेली की त्या सेव्हमध्ये परत येत नाही. हां, शेवटी सगळं झाल्यावर देव होऊन डोंगरावरून डोंगरावर उड्या मारायच्या असतील तर खुशाल. उड्यांवरून आठवलं, सेडा नीनहून बालमोराच्या रस्त्यावर आकाशातून किंचाळत पडणारा टारहिएल परत बघाच. त्याच्याजवळच्या इकॅरियन फ्लाइटच्या तीन स्क्रोलपैकी एक वाचून उडी मारली तर खाली यायच्या आधी दुसरी वाचा.

चुकून महत्त्वाचं कॅरेक्टर मेलं. आता?

गेम तुम्हाला संदेश देतो की भाकिताचा धागा तुटला, जुना सेव्ह उघडा नाहीतर या बिघडलेल्या जगात तसेच पुढे जा. आणि खरंच पुढे जाता येतं. व्हिवेकलाही मारता येतं. त्यानंतरची वाट टेल फिरमधून जाते, तिथे यागरुम बागार्न बसलाय, जिवंत उरलेला शेवटचा ड्वेमर, तो मेन क्वेस्ट संपवायला लागणारा जादूचा हातमोजा, रेथगार्ड, चालू करून देऊ शकतो. एवढं स्वातंत्र्य देणारे गेम आजही मोजकेच.

मॉड (खेळाडूंनी बनवलेले बदल) किती टाकू?

कमी. ओरिजिनल इंजिनवर खेळणार असाल तर मॉरोविंड कोड पॅच आणि पॅच फॉर प्युरिस्ट्स एवढं पुरे. लांबचं दिसावं म्हणून एमजीई एक्सई टाकतात, पण अंतर शेवटपर्यंत ताणू नका, धुकं होतं म्हणून बेट मोठं वाटायचं, सगळं दिसायला लागलं की दोन गावं किती जवळ आहेत ते कळतं आणि प्रवासाची ओढच जाते.

दुसरा रस्ता ओपनएमडब्ल्यू, स्वयंसेवकांनी नव्याने लिहिलेलं मोफत ओपन सोर्स इंजिन, विंडोज, लिनक्स, मॅक सगळ्यावर चालतं. गेमच्या ओरिजिनल फाइल्स मात्र तुमच्याकडे हव्यात. कोड पॅच आणि एमजीई एक्सई ओपनएमडब्ल्यूसोबत चालत नाहीत, यात गोंधळ घालू नका.

आणि बेट पाठ झालं असेल तर टॅमरिएल रीबिल्ट. मूळ गेममध्ये फक्त व्हार्डनफेल बेट आहे, मुख्य भूमी नाही, ती हे लोक गेम यायच्या आधीपासून, २००१ पासून बांधतायत. ओल्ड एबनहार्ट, २०२५ मध्ये आलेली ह्लालूंची राजधानी नारसिस, सगळं मूळ गेमच्या तोडीचं आणि सगळं फुकट. कृतज्ञता वाटते मला या लोकांबद्दल, दुसरा शब्द नाही.

एक्सपान्शन सुरुवातीपासून चालू ठेवू का?

ट्रायब्युनल (२००२) आणि ब्लडमून (२००३) दोन्ही गेम ऑफ द इयर एडिशनमध्ये येतात. ट्रायब्युनल असलं की लेव्हल १ लाच झोपेत मारेकरी येतात, आणि वाचलात तर त्यांचं चिलखत एवढं भारी की पुढची सगळी कमाई बेचव होते. हा हल्ला उशिरा सुरू करणारा छोटा मॉड मिळतो, तो टाका.

क्लिफ रेसरचं (सारखे अंगावर येणारे उडते प्राणी) काय करायचं?

सहन करायचं. धनुष्य ठेवा जवळ. सुरुवातीच्या बोटीत तुम्हाला उठवणारा जिउब आठवतो? मालिकेच्या पुढच्या इतिहासात यानेच व्हार्डनफेलवरून क्लिफ रेसर हाकलले आणि संत झाला, स्कायरिमच्या डॉनगार्ड एक्सपान्शनमध्ये भेटतोही. त्याचं ते पहिलं वाक्य आता मी नेहमी पूर्ण ऐकते.

स्कायरिम आधी खेळलाय, पुढे काय होतं ते माहितीये. मजा जाईल का?

उलट. (मोठा स्पॉयलर.) व्हिवेक शहरावर एक खडक अधांतरी लटकलेला आहे, बार दाऊ, आतून पोखरून टेंपलने त्यात तुरुंग केलाय, मिनिस्ट्री ऑफ ट्रुथ. तो व्हिवेकच्या शक्तीवर तरंगतो असं लोक सांगतात. तुम्ही मेन क्वेस्ट जिंकता म्हणजे लॉर्खान या प्राचीन देवाचं हृदय तिथून नाहीसं होतं, आणि त्या हृदयावरच तिघांचं देवपण उभं होतं. पुढे व्हिवेक नाहीसा होतो, खडक पडतो, शहर जातं, रेड माउंटन फुटतो. २०१२ च्या ड्रॅगनबॉर्न या स्कायरिमच्या एक्सपान्शनमध्ये सोल्स्थाइम बेटावर जी राख पडत असते ती तीच, आणि तिथलं रेव्हन रॉक गाव म्हणजे ब्लडमूनमध्ये तुम्ही स्वतः उभी केलेली वसाहत.

हे माहिती असताना व्हिवेक शहराच्या कँटनमधून (शहराचे अवाढव्य इमारतींसारखे भाग) चालणं वेगळंच होतं. खाली कालव्यात नावा, फॉरेन क्वार्टरमध्ये दुकानं, पुजारी वर बघून निश्चिंत. तुम्हाला एकट्याला माहिती असतं. जेरेमी सोलचं संगीत अशा वेळी चालू झालं तर मी थांबूनच जाते.

साध्या लॅपटॉपवर चालेल? मोबाइलवर?

गेम सुमारे १ जीबीचा आहे, ऑफिसच्या लॅपटॉपवरही पळतो. स्टीम आणि जीओजी दोन्हीकडे मिळतो, सेलमध्ये अगदी स्वस्त. एक्सबॉक्सवर जुनी डिस्क बॅकवर्ड कम्पॅटिबल आहे. अँड्रॉइडवर ओपनएमडब्ल्यूचं पोर्ट आहे, चालतं, पण बारीक अक्षरं आणि एवढं वाचन, त्यामुळे टॅबलेट असेल तरच.

इंग्रजी खूप आहे म्हणे. मराठी करता येईल?

अधिकृत मराठी नाही, आणि संवाद जवळजवळ सगळे लिखित. पण वेळेचं बंधन नसतं, संवादाची खिडकी उघडी असेपर्यंत जग थांबलेलं असतं, हळू वाचा. घरात लहान भावंडं असतील तर मोठ्याने वाचून दाखवत खेळा, फार छान जमतं ते.

स्कायविंड येईपर्यंत थांबू का?

नको. स्कायरिमच्या इंजिनवर मॉरोविंड नव्याने उभा करणारा हा स्वयंसेवकांचा प्रकल्प आहे, काम सुंदर दिसतं, आला की मीही पहिल्या दिवशी उतरवणार. पण तोवर मूळ गेम तुमच्यासमोर आहे. आज टाका, सेडा नीनमध्ये उतरा, फारगॉथ नावाच्या गावकऱ्याची अंगठी त्याला परत द्या, रात्री दीपगृहावर चढून तो आपले पैसे दलदलीतल्या कुठल्या ओंडक्यात लपवतो ते बघा, आणि दुसऱ्या दिवशी सिल्ट स्ट्रायडर न पकडता बालमोराला चालत जा.